काकूसानच्या आईची ओबी

कापडावर लेख आहे म्हटल्यावर तुम्ही मनातल्या मनात आईची पैठणी बाहेर काढली असणार. घडी घाला आणि परत कपाटात ठेवा, इथं पैठणी नाही. लिहिणारा चाकणच्या कंपनीतला आहे म्हटल्यावर दुसरी तयारी केली असेल: भोंगा, धूर, घाम, कामगाराची कहाणी. तीही राहू द्या. आमच्या कंपनीला भोंगा नाही, शिफ्ट सुटताना खेळण्यातल्या रेल्वेसारखी ट्यून वाजते. आणि घामाचं म्हणाल तर मी क्वालिटीला आहे. मापं बिघडू नयेत म्हणून आमच्या खोलीत बारा महिने एसी. भर मे महिन्यात आम्ही बनियनवर बनियन घालतो.

हा लेख बटव्यांवर आहे. चष्म्याच्या पिशवीवर, डबा बांधायच्या फडक्यावर. आणि ती फडकी जपानची. आता म्हणाल, या पोराला त्यातलं काय कळतंय? काही नाही, राव. पण एका थंडीत मी ती एवढी बघितली, एवढी बघितली, की त्या थंडीतलं बाकी सगळं मला त्या कापडांच्या घड्यांतच सापडतं.

सीझन परत आलाय म्हणून हे सुचलं. बाल्कन्यांतले आकाशकंदील अजून उतरलेले नाहीत, रहाटणीत सकाळी दूधवाल्याच्या तोंडातून वाफ निघते, आणि समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवर एक पोरगं कानटोपी घालून येरझाऱ्या मारतंय. "कोरे वा नान देसु का. हे काय आहे. कोरे वा नान देसु का. हे काय आहे." डिसेंबर लागला की जपानी भाषेची परीक्षा असते. आमच्या पट्ट्यात दहावीला कुणी एवढं घाबरत नाही. पोरगं 'देसु'चा शेवटचा 'सु' चांगला लांबवतंय, मारुतीच्या देवळातल्या आरतीसारखा. खाली उभं राहून ओरडावंसं वाटतं, भावा, तो 'सु' निम्मा गिळायचा असतो! पण मीही तसाच म्हणायचो. मला गिळायला शिकवलं काकूसाननं.

काकूसान म्हणजे आमच्या कंपनीतल्या सासाकी सान नावाच्या जपानी सल्लागारांची बायको. दुसऱ्याच्या बायकोला मानानं 'ओकुसान' म्हणतात म्हणे. आमच्या पोरांनी पहिल्याच रविवारी त्याचं 'काकूसान' केलं आणि तिनं ते ठेवून घेतलं. पिंपळे सौदागरला त्यांचा फ्लॅट होता. परीक्षेला बसलेल्या आम्हा पाच-सहा पोरांना ती रविवारी घरी बोलवून बोलायला शिकवायची. साठीच्या आतबाहेरची, बारीक, केस कानापर्यंत कापलेले. हिंदी मंडईतलं. "भैया, थोडा कम" एवढं मात्र इतकं झकास म्हणायची, की मला नक्कल करावी लागली नाही, नुसतं परत म्हटलं तरी पोरं लोळायची.

माझं जपानी कुठून आलं होतं, ते सांगायला पाहिजे. पुस्तकातून नाही. आमच्या गावाकडच्या शाळेत, उमरग्याच्या बाजूला, मी हेडमास्तरांचा खोकला काढायचो आणि पोरं पटापट रांगेत उभी राहायची. तोच धंदा कंपनीत. सासाकी सान लाइनवर एखादा पार्ट उचलून नाकाशी धरणार, मान तिरकी करणार आणि पोटातून आवाज काढणार, "दामे!" म्हणजे जमलं नाही. मग "मो इक्काई!" म्हणजे पुन्हा एकदा. मी ते रोज कँटीनमध्ये करायचो. त्यामुळं पहिल्या रविवारी काकूसाननं मला काहीतरी विचारलं आणि मी जे येत होतं ते उत्तर दिलं, तेव्हा ती दचकून दाराकडं बघायला लागली. नवरा आला वाटलं तिला.

ती हसली, मग म्हणाली की तोंडानं नाही, आधी डोळ्यांनी शिका. आणि तिनं टेबलावर तिची पिशवी रिकामी केली.

माझं सगळं तिथंच बिघडलं.

पिशवीतून पिशवी निघाली, त्या पिशवीतून अजून एक. चष्म्याला स्वतःची पिशवी. जेवायच्या काड्यांना लांब म्यान. सहीऐवजी मारतात त्या शिक्क्याला बोटाएवढी डबी, आतून मऊ. नाक पुसायच्या कागदाला, अहो, कागदाला, कापडाचं घर. आणि सुट्ट्या पैशांचा एक गुबगुबीत बटवा, वरती पितळी चाप. त्याला 'गामागुची' म्हणतात, म्हणजे बेडकाचं तोंड. मिटताना असा 'टक्' वाजायचा की मी तो आवाज घरी जाऊन टाळूला जीभ लावून शिकलो. अजून काढतो. जमतो.

आम्ही पोरांनी आपापल्या वस्तूंकडं बघितलं. मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत, डबा मिठाईवाल्याच्या कॅरीबॅगमध्ये, किल्ल्या कुठल्यातरी नगरसेवकाच्या फोटोत अडकवलेल्या.

"कोरे वा नान देसु का?" काकूसान एकेक वस्तू उचलून विचारायची. हे काय आहे? आम्ही ओरडायचो, चष्मा! पैसे! ती मान हलवायची. चष्मा नाही, पैसे नाहीत. कापडावर बोट ठेवायची. हे काय आहे?

चष्म्याच्या पिशवीचं कापड गडद निळं होतं, त्यावर पांढरी नक्षी, आणि नक्षीच्या कडा हललेल्या. जसा चालत्या रिक्षातून फोटो काढावा. मी क्वालिटीचा माणूस, लगेच म्हणालो, एनजी. म्हणजे पार्ट नापास. ती इतकी खूश झाली की तिनं मला बिस्कीट दिलं. मग दोन दोरे घेऊन दाखवलं. हे 'कासुरी'. आधी सूत मोजून जागोजागी घट्ट बांधतात, मग निळीत बुडवतात. बांधलेली जागा पांढरी राहते. मग ते सूत मागावर चढवतात आणि नक्षी विणताना जुळत जाते. जुळते, पण माणसाच्या हातानं जुळते, म्हणून कडेला जराशी थरथर राहते. ती थरथर असली की समजायचं, कुणीतरी बसून विणलंय. छापलेल्या कापडाची कड सरळ असते, तिला काही विचारायला नको आणि तीही काही सांगत नाही.

मी रोज मशीनखाली धरून कड सरळ आहे का बघणारा माणूस. त्या रविवारी घरी येताना रस्त्यावरच्या सगळ्या सरळ कडांचा मला कंटाळा आला.

काड्यांच्या म्यानाचं कापड उभ्या पट्ट्यांचं सुती, इतकं ठास विणलेलं की रिकामं असलं तरी ताठ उभं राहायचं, हवालदारासारखं. आणि डब्याचं चौकोनी फडकं, 'फुरोशिकी'. समोरासमोरची टोकं घेऊन ती एक गाठ मारायची आणि डब्याला कान फुटायचे. परत ओढलं की सर्रकन सुटायची. ती गाठ मी पन्नासदा बघितली, पन्नासदा मारली, माझी प्रत्येक वेळी लाँड्रीच्या बोचक्यासारखी झाली. तेव्हा एक गोष्ट कळली. आवाज मी कुणाचाही काढतो. हात नाही काढता येत कुणाचे.

त्याच थंडीत चाकणच्या मार्केटात कांदा धो धो आला होता. सकाळच्या कंपनी बसला ट्रकच्या रांगेत अडकून बसावं लागायचं. खिडक्या बंद असल्या तरी वास आत, आणि कांद्याची साल वाऱ्यावर उडून काचेला चिकटायची, गुलाबी, सोनेरी, पातळ. काकूसाननं एकदा ती माझ्या स्वेटरवर चिकटलेली बघितली, अलगद काढली आणि दिव्यासमोर धरली. "ये… चाहिए," म्हणाली. "बहुत."

पुढच्या शनिवारी मी मार्केटातून पोतंभर साल घेऊन बसमध्ये चढलो. बसचे ड्रायव्हर खराबवाडीचे, जुन्या घरचे.

"आरं, कांदा कुठंय?"

"कांदा नको होता, मामा. नुसती साल."

"पैशे दिलंस व्हय सालीचं?"

"न्हाई. फुकट."

"मंग ठीक हाय," ते म्हणाले. "म्हंजी डोकं निम्मंच गेलंय."

काकूसाननं ती साल पातेल्यात उकळली, किराण्यातली तुरटी टाकली आणि एक पांढरा सुती रुमाल त्यात सोडला. आम्ही परीक्षेचं सोडून पातेल्याभोवती उभे. रुमाल बाहेर आला तो सोनेरी. पिवळा नव्हे, खरंच सोनेरी, ऊन उतरताना आळंदी रोडच्या कडेच्या वाळलेल्या गवतावर पडतं तसा. त्या घरात तीन दिवस भजीचा वास होता म्हणे आणि सासाकी सान लाइनवर भुकेलेले दिसत होते. पण जो वास आम्ही रोज शिव्या देत हुंगायचो, त्यात हा रंग होता. आमच्यातल्या कुणाला, अगदी चाकणच्या पोरांनासुद्धा, ठाऊक नव्हतं.

आता वहिनी.

मी दादा-वहिनीकडं राहतो, तेव्हाही राहायचो. दादा कासारवाडीला एका वर्कशॉपमध्ये मेंटेनन्सला. रेखावहिनी घरी फॉल-पिको करते, ब्लाउज शिवते, आणि संक्रांत जवळ आली की वाणासाठी खणाच्या छोट्या पर्स. माझ्या डब्यासाठी शिवलेली, पण घरातच पडून राहिलेली पिशवीही तिच्याच हातची, हिरव्या खणाची, लाल काठ. काकूसानच्या वस्तू बघून मला कॅरीबॅगची लाज वाटली म्हणून एका रविवारी ती पिशवी घेऊन गेलो.

काकूसाननं ती हातात घेतली आणि पहिलं काय केलं, तर उलटी केली. आतली शिवण बोटानं चाचपत गेली, कोपऱ्यात थांबली, परत मागं आली. मग मला विचारलं, "ये… किसका हाथ?"

कुणाची पिशवी, असं नाही; कुणी शिवली, असंही नाही. कुणाचा हात.

त्या दोघी भेटल्या तेव्हा मी दुभाषी म्हणून गेलो होतो आणि माझं काही काम पडलं नाही. वहिनीनं इरकलीचा तुकडा पुढं केला, काकूसाननं उलटा करून बघितला. काकूसाननं चष्म्याची पिशवी पुढं केली, वहिनीनं उलटी करून बघितली. काकूसाननं एक जुना किमोनो उसवून दाखवला. त्यांचं कापडच अरुंद, दीड वीत असेल, आणि सगळे काप सरळ. उसवून टोकाला टोक जोडलं की पुन्हा जसाच्या तसा तागा. आईचा किमोनो लेकीला, लेकीचा फाटला की त्याचे बटवे, बटव्यातनं उरलेल्याची शिक्क्याची डबी. चिंधी म्हणून काही उरतच नाही.

परत येताना वहिनी स्कूटरवर मागं बसून इरकलीचा तुकडा उलटसुलट करत होती. मग म्हणाली, "ही बाई आपल्यासारखीच हाय रे. निस्ती गोरी हाय."

हल्ली मॉलमध्ये खणाच्या पर्स काचेच्या कपाटात दिसतात, आणि त्यांच्या शेजारी कासुरीसारखं छापलेलं, सरळ कडांचं निळं कापडही. चालू द्या, लोकांना आवडतंय. मी मात्र हातात घेतली की आधी उलटी करतो. सेल्सच्या मुली विचारतात, सर काही प्रॉब्लेम आहे का? मी म्हणतो, नाही, सवय लागली.

परीक्षा तोंडावर आली तेव्हा काकूसाननं वहिनीलाही बोलवून घेतलं आणि सांगितलं की सासाकी सानची इथली मुदत संपली, वर्षाअखेरीला ते परत जाणार. आणि तिनं कागदात गुंडाळलेलं एक लांबलचक कापड वहिनीच्या मांडीवर ठेवलं.

ती तिच्या आईची ओबी होती. किमोनोवर कमरेला गुंडाळतात तो रुंद पट्टा. क्योतोच्या निशिजिन भागात विणलेला, रेशमी. सायीच्या रंगाची जमीन, त्यावर वाहतं पाणी आणि पाच पाकळ्यांची फुलं, सोन्यात. ते सोनं म्हणजे काय, ऐका. कागदावर सोन्याचा वर्ख लावतात आणि तो कागद केसाएवढ्या पट्ट्यांत कापून विणतात. कागद, राव. मी ओबी हलवली तेव्हा पाणी हललं. खोटं सांगत नाही. ट्यूबलाइटच्या उजेडात, पिंपळे सौदागरच्या तेराव्या मजल्यावर, पाणी हललं.

ओबी स्वतःची स्वतःला नीट बांधता येत नाही, मागं गाठ असते. काकूसान लहानपणापासून आईच्या पाठीमागं उभं राहून गाठ मारायची. आई गेली. बहिणी तिघी, ओबी एक. किमोनो आता कुणी रोज घालत नाही, ओबी कपाटात पडून. तिचे बटवे करून तिघींनी रोज वापरायचं ठरलं, पण कात्री लावायला तिघींपैकी एकीचाही हात उठेना. काकूसाननं वहिनीकडं बोट केलं आणि तिला येत होतं त्या हिंदीत म्हणाली, "ये हाथ।"

वहिनी घाबरली. खरंच घाबरली. ओबी घरी आणली, पाटावर ठेवली, आणि कात्री काढायचं नाव नाही. दोन दिवस टेलरिंग बंद. दादा म्हणाला, "अगं, काप की. कापड तर हाय."

"तुमच्या आईचं असतं तर कापलं असतं का?"

दादानं टीव्ही लावला.

तिसऱ्या दिवशी मी शिफ्टवरून आलो तर वहिनी अंघोळ करून, देवापुढं दिवा लावून बसलेली. बरं वाटलं, म्हटलं आता सुरू करणार. आणि मग मला ओबीचं टोक दिसलं. सायीच्या रंगावर, अगदी कोपऱ्यात, हळदीचं बोट आणि त्यावर कुंकवाचं.

आपल्याकडं नव्या कापडाला लावतात तसं. नवा शर्ट असो, साडी असो, टॉवेल असो, अंगाला लागायच्या आधी कोपऱ्यात हळद-कुंकवाचं बोट. आमच्या घरात माझ्या कंपनीच्या युनिफॉर्मलासुद्धा लागलंय. तिनं विचार केलाच नाही. हात आपोआप गेला.

"वहिनी," मी म्हणालो, "हे काय केलंस?"

"काय केलं? हळद लावली." मग तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं, मग कापडाकडं, आणि मटकन बसली. "आरं देवा. त्यांच्यात लावत नसतील न्हाई?"

"लावत नाहीत."

"जाईल का?"

इथं दादा उठला. दादा मेंटेनन्सचा माणूस, त्याच्यापुढं डाग म्हणजे काम. आम्ही दोघं बोलेपर्यंत त्यानं बोटाला भांड्याचा साबण लावून हळदीवर फिरवलासुद्धा. कुठल्याही बाईला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, हळदीला साबण लागला की काय होतं. पिवळं बोट लालभडक झालं आणि पसरलं. लिंबाएवढं.

"थिनर आणू का?" दादा म्हणाला.

वहिनीनं त्याच्याकडं असं बघितलं की तो गॅलरीत जाऊन उभा राहिला. तिथून थोड्या वेळानं त्याचा आवाज आला, "नायतर आख्खीच बुडवू कांद्याच्या सालीत. पोतंभर आणायची. समदी पिवळी. कळणार बी नाही."

कुणी हसलं नाही. मीसुद्धा नाही. वहिनी ओबीवर हात न ठेवता, हात वर धरून बसली होती, जसा तापलेल्या तव्यावर धरतात. "तिच्या आईचं हाय रे ते," एवढंच म्हणत राहिली. "दुकानातलं न्हाई. पुन्हा मिळणार न्हाई."

मी रात्रभर वाक्यं जुळवली. एक चांगली गोष्ट रचली होती, पूजा, मोठे गुरुजी, विशेष आशीर्वाद. सकाळी वहिनीला ऐकवली. ती म्हणाली, "एक शब्द खोटा बोललास तर मी तिथंच उभी राहून सांगीन. झालं ते सांगायचं."

रविवारी आम्ही दोघं गेलो. वहिनीनं ओबी टेबलावर ठेवली आणि डागाचं टोक स्वतःच वर काढलं, लपवलं नाही. काकूसान बघत राहिली. मग तिनं वाकून वास घेतला. मग आतल्या खोलीत गेली आणि दार लावलं. आतून नळाचा आवाज आला, बराच वेळ. मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होतो आणि वहिनी पायांकडं. बाहेर कुठंतरी भंगारवाला ओरडत होता, आणि पहिल्यांदाच मला कुणाचा आवाज काढावासा वाटला नाही.

ती बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते आणि हातात चहाचा ट्रे होता. बसली. वहिनीकडं बघून विचारलं, "क्यूँ?"

वहिनी मराठीत बोलली, सरळ. "नव्या कापडाला हात लावायच्या आधी लावतो आमी. माझ्या ध्यानातच आलं न्हाई, बाई. हात गेला." आणि मला म्हणाली, "सांग."

आता सांगायचं होतं मला. आणि माझ्याकडं शब्द होते कुठले? दामे, मो इक्काई, स्क्रॅप, रिवर्क. हळदीला शब्द नाही, शुभ म्हणायला शब्द नाही. घशातून आपोआप सासाकी सानचा आवाज निघाला. मी म्हणालो, नवं कापड. वापरायच्या आधी. 'केन्सा'. म्हणजे तपासणी. आणि मग मला सुचलं. आमच्या लाइनवर तपासून झालेल्या प्रत्येक पार्टवर पेंटच्या पेननं ठिपका मारतात. पिवळा. तो ठिपका असला की पार्ट पुढं जातो, नसला की थांबतो. सासाकी सान त्या ठिपक्याशिवाय कशाला हात लावू द्यायचे नाहीत. मी डागाकडं बोट केलं आणि त्यांच्याच थाटात, पोटातून म्हणालो, "ओके मार्क!"

काकूसान दचकली, तशीच, पहिल्या रविवारसारखी. मग तोंडावर हात ठेवून हसायला लागली. हसता हसता थांबली. डागाचं टोक तिनं दोन्ही हातांत घेतलं आणि हळू म्हणाली, "ओकासान… गोकाकु."

हे दोन्ही शब्द मला येत होते. गोकाकु तर परीक्षेला बसलेल्या प्रत्येक पोराला झोपेतही येतो. आई… पास झाली.

"काय म्हणली?" वहिनीनं विचारलं.

"चालतंय म्हणाली."

मग काकूसाननं तिची स्वतःची कात्री आणली, दोन्ही हातांनी वहिनीपुढं धरली, आणि वहिनीनं तिथंच, त्या टेबलावर, पहिला काप घेतला. कात्रीचा तो आवाज मात्र मला अजून जमत नाही. नुसतं 'कर्र' नाही ते. दाणेदार आहे, आत कागद आहे ना. पुढं बटवे झाले, बेडकाच्या तोंडाचे, पितळी चापाचे, प्रत्येकावर थोडं थोडं पाणी आलं आणि एकेक फूल. डागाचा तुकडा काकूसाननं स्वतःसाठी मागून घेतला, आणि डाग आत नाही, दर्शनी बाजूला हवा म्हणाली. जाताना विमानतळावरून सासाकी साननं फोटो पाठवला, तिच्या हातात बटवा, आणि त्यावर लालसर डाग स्पष्ट.

पण हे नंतरचं. त्या रविवारी स्कूटरवरून परत येताना मी हवेत होतो. काय वेळेवर सुचलं! मी मान मागं वळवून वहिनीला सगळं सांगायला लागलो. केन्सा काय, ठिपका काय, सासाकी सानचा आवाज काढून दाखवला, "ओके मार्क!", आणि काकूसान खरं काय म्हणाली तेही. रहाटणी चौकातला सिग्नल लागला. मागून तिनं माझ्या खांद्यावरचा हात काढला. मला वाटलं, भरून आलं असेल.

"भावजी," वहिनी म्हणाली.

दादाचं लग्न झालं तेव्हा मी सहावीत होतो. तेव्हापासून मी तिला 'अरे' आहे, 'ए' आहे, 'मेल्या' आहे. 'भावजी' मी कधीच नव्हतो.

"भावजी, तुमाला देवानं जीभ दिली ती निस्ती लोकाचे आवाज काढायला का? मी हळद लावली ती कापड तपासून बघितलं म्हणून? मी कोण तपासणारी? त्या बाईच्या आईनं जन्मभर कमरंला बांधलेलं कापड, त्याला मी, गल्लीत फॉल-पिको करणारी, ओके म्हणणार? अक्कल चाकणला गहाण टाकून आलाव का? कात्री लावायची असती आपल्याला. त्याच्या आदी त्याला इचारावं लागतं, माफी मागावी लागती, म्हणून बोट लावायचं असतं. शेंबड्या पोराला ठाऊक हाय. आन तुमी तिला काय सांगून आलाव, तर बघितलं, पास केलं! आता ती तिच्या बहिणींला हेच सांगंल. तिघी म्हणतील, कोण ही मोठी साहेबीण, आमच्या आईला पास करणारी? हसू नका. हसायचं काम न्हाई. परीक्षा कशाला द्यायलाव मग, निस्तं देसु-देसु करायला? माफी म्हणायला शिकवत न्हाईत का तिथं? तेवढं शिका आदी. आन शिकलाव की माझ्यादेखत तिला नीट सांगा, फोनवर सांगा, कसं बी सांगा. तवर या घरात कुणाचा आवाज काढायचा न्हाई. माझा तर न्हाईच न्हाई. काय? सिग्नल सुटलाय, लोक बोंबलायलेत मागं. चला. आन तोंड पुढं करून चालवा."